दुरुस्तीची खूण

याकुत्स्कमध्ये उणे पन्नासला
बहिरी माणसं रस्त्यात भांडत नाहीत.
भांडायला हातमोजे काढावे लागतात
आणि तिसऱ्या वाक्याला बोटं पांढरी पडतात.
म्हणून सगळं साठवून आत आणतात, उबेत.

आज चौथ्या मजल्यावर, दवाखान्यात,
द्युलुस्तान आणि क्युन्नेय कोट न काढताच बसलेत.
मधे मी. दुभाषी.
पैसे तासावर,
आणि स्वतःचं मत मधे आणायचं नाही, हा नियम.

वर्वारा सेम्योनोव्ना कागदावर रेघा ओढते,
याच्या दोन, हिच्या दोन,
चारीत एकाच जागी गोल करते.
निवडायला काही नाही, म्हणते,
पाचही गर्भ तुमच्यावरच गेलेत.
मी ते तसंच हातांनी सांगते,
आणि क्युन्नेय सकाळपासून पहिल्यांदा हसते.

पण अक्षर एकच आहे. ते दुरुस्त करता येईल.
परवानगी यायची आहे अजून.
फॉर्म छापून तयार आहे.

दुरुस्त.
माझे हात हवेतच थांबतात.
या शब्दाला आमच्याकडे एक खूण आहे,
इंजिनाची, गळक्या नळाची.
दुसरी शाळेतली: लाल पेनानं खोडायचं.
तिसरी नाही.
ध चा मा व्हायला किती लागतं
हे दोन भाषांच्या मधे बसणारीला शिकवावं लागत नाही.
मी नुसतं ‘बदल’ म्हणते.
डॉक्टरणीला कळत नाही. त्या दोघांना कळतं.

द्युलुस्तानचा भाऊ गान्या, एप्रिलमधली लेना नदी.
बर्फ तडकला तो सगळ्यांनी ऐकला, गान्या सोडून.
मुलाला बर्फ ऐकू यावा, द्युलुस्तान म्हणतो,
गाणी नको, काही नको. बर्फ.

आणखी काय बदलेल त्याच्यात? क्युन्नेय विचारते.
बहुधा काहीच नाही.
‘बहुधा’ला तळहात हलवतात आम्ही,
पातळ बर्फावर आधी पाय ठेवून बघतात तसा.
क्युन्नेय माझ्या तळहाताकडे बघत राहते.

मग म्हणते, मी खोमुस वाजवते. दातांना लावून.
तो माझ्या कवटीत घुमतो, कपाळापर्यंत.
मुलाला तो दातांनी ऐकू येईल?
डॉक्टरणीला प्रश्न दोनदा सांगावा लागतो.
त्याला सगळंच ऐकू येईल, ती म्हणते.
हे उत्तर नव्हे, पण मी दुभाषी आहे,
मी उत्तर म्हणूनच पोचवते.

कलम चौदा: मूल अठराचं होईपर्यंत तपासण्या,
पुढे त्याच्या मुलांच्याही.
खाली सहीला दोन रेघा. आई. वडील.
तिसऱ्या रेघेला जागा आहे. रेघ नाही.

माझे आई-बाबा बहिरे.
मी ऐकते, आपोआप, कुणी काही न बदलता.
सातव्या वर्षी बँकेशी फोनवर मी बोलायचे,
आवाज जाड करून.
नवव्या वर्षी दवाखान्यात, अशाच खोलीत,
आईला काय झालंय ते बाबांना मी सांगितलं.
खूण बरोबर होती.
रात्री दिवा गेला की त्यांची भाषा बंद.
मग पाइप, वारा, शेजाऱ्यांचं भांडण,
सगळं घर मला एकटीला.
आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की
तिच्या पोटात गुरगुर व्हायची,
ती तिला कधीच माहीत नव्हती. तीही माझ्याकडेच.

यातलं काही भाषांतरात येत नाही.

सही होत नाही. नकारही नाही.
फॉर्म घडी घालून क्युन्नेयच्या पर्समध्ये.
गर्भांचं सालाचं भाडं खिडकीवर भरायचं,
मी रक्कम सांगते, सुटे मोजते.

बाहेर धुकं इतकं की बसचे दिवेच आधी येतात.
बाजारात मासे बादल्यांत उभे, ताठ, तोंड वर करून.
स्टॉपवर द्युलुस्तान हातमोजे काढतो,
दोन्ही, आणि माझ्याकडे वळतो.
तू ऐकतेस.
बरं असतं का?

क्युन्नेय रस्त्याकडे बघत नाही.
माझ्या हातांकडे बघते.
त्याची बोटं पांढरी पडायच्या आत सांगायला हवं.
मी डावा मोजा दातांत धरते
आणि ओढते.